नळीचा रस्ता मोकळा आहे का?

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे नळ्या चांगल्या आहेत, असं धरून चालणाऱ्या बायका मला वरळीत पावलोपावली भेटल्या. ही पुस्तिका निघाली ती या एका गैरसमजातून. नेहमीच्या सोनोग्राफीत गर्भाशय दिसतं, त्याच्या अस्तराची जाडी मोजता येते, दोन्ही बीजकोश दिसतात, त्यांत वाढणारं अंडंही दिसतं. निरोगी बीजवाहिनी, म्हणजे ही नळी, मात्र दिसत नाही. ती बारीक असते, वेडीवाकडी असते आणि आतड्यांच्या वेटोळ्यांत तिचा पत्ता लागत नाही. तिच्यात पाणी साचून ती फुगली असेल तरच ती पडद्यावर येते. म्हणजे रिपोर्टवरचं ‘नॉर्मल’ गर्भाशयाबद्दल आणि बीजकोशांबद्दल असतं. नळ्यांबद्दल तो कागद काहीच सांगत नाही, आणि हे बाईला कुणी समजावून देत नाही.

बीडीडी चाळीत बायकांच्या आरोग्याच्या बैठका आम्ही घेतो. सुरुवातीला विषय असायचे पाळीचे, रक्त कमी असण्याचे, पांढरं जाण्याचे. मूल न राहण्याचा विषय बैठकीत कधी निघायचा नाही. तो निघायचा बैठक संपल्यावर, जिन्यात, हलक्या आवाजात. एका मुलीने तिची कागदांची पिशवी माझ्यापुढे ठेवली ती अशीच. साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात चार वर्षांचे कागद. थायरॉइडचे रिपोर्ट, तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या सोनोग्राफी, अंडं वाढण्याच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, एकदा गर्भपिशवी साफ केल्याचं डिस्चार्ज कार्ड, दोन गंडे आणि एका महाराजांचा छापील पत्ता. सगळे कागद आम्ही जमिनीवर मांडले. त्यांत दोन कागद नव्हते. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा एकही रिपोर्ट नव्हता आणि नळ्या उघड्या आहेत की बंद, हे सांगणारी एकही तपासणी नव्हती.

हे एकाच घरात घडतं असं नाही. पुस्तिका लिहिणाऱ्या आमच्या डॉक्टर मैत्रिणींनाही हीच पिशवी वेगवेगळ्या हातांत दिसत आलेली आहे. या प्रस्तावनेत मला सांगायचं आहे ते इतकंच, की नळीची तपासणी शेवटचा उपाय म्हणून करायची नसते, ती पहिल्या काही पावलांतली आहे. ती लवकर झाली तर बाईची वर्षं वाचतात. आणि मूल होण्याच्या बाबतीत वर्षांइतकं महाग दुसरं काही नाही.

चाळीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे, कारण या विषयाला चाळीची रचना येऊन चिकटते. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात या चाळी बांधल्या. वरळीत १२१ इमारती, तळमजला आणि वर तीन मजले, एकेका इमारतीत ८० खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. मधून बोळ, दोन्ही बाजूंना दारं, टोकाला सामायिक संडास. तीन पिढ्या एका खोलीत. अशा घरात नवराबायकोला एकांत मिळायची मारामार, आणि बाईची पाळी आली की नाही हे मात्र मजल्यावरच्या सगळ्यांना ठाऊक. लग्नाला वर्ष उलटलं की सार्वजनिक नळावर विचारणा सुरू होते. लोक मायेनेच विचारतात, मी ते जवळून पाहिलं आहे. पण त्या मायेचं ओझं एकट्या बाईच्या डोक्यावर पडतं. नवऱ्याला कुणी बोळात अडवून विचारत नाही.

आता चाळ बदलते आहे. पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या १४ ऑगस्ट २०२५ला दिल्या गेल्या. काही कुटुंबं ५०० चौरस फुटांच्या घरात राहायला गेली, बाकीची आपल्या पाळीची वाट बघत आहेत. दार लावून घेता येईल असं घर मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तपासणीची माहिती घराबरोबर येत नाही, ती वेगळी मिळवावी लागते.

तर ही नळी. गर्भाशयाच्या दोन्ही खांद्यांपासून एकेक निघते, लांबी दहा ते बारा सेंटिमीटर. गर्भाशयाच्या भिंतीतून जाताना तिची आतली वाट जेमतेम एक मिलिमीटरची असते, जाड सुई कशीबशी जाईल एवढी. पुढे ती रुंदावते आणि टोकाला झालरीसारखी उघडते. बीजकोशातून सुटलेलं अंडं ही झालर उचलते. शुक्रजंतू खालून येतात, दोघांची गाठ नळीच्या रुंद भागात पडते, आणि तयार झालेला गर्भ तीन-चार दिवस त्याच नळीतून सरकत गर्भाशयात येतो. त्याला पुढे ढकलतात ते नळीच्या आतले सूक्ष्म केस. म्हणून नळी नुसती उघडी असून भागत नाही, तिचं अस्तरही जिवंत असावं लागतं. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

नळी बंद का पडते? बहुतेक वेळा जुन्या संसर्गामुळे. क्लॅमिडियासारखा संसर्ग बाईला न कळता येऊन जातो, ताप नाही, दुखणं नाही, आणि मागे आत चिकटे राहतात. अर्धवट राहिलेल्या किंवा अस्वच्छ हातांनी केलेल्या गर्भपातानंतर, बाळंतपणातल्या संसर्गानंतर, फुटलेल्या अपेंडिक्सनंतर, एंडोमेट्रिओसिसमुळेही हे होतं. आणि आपल्याकडे एक कारण असं आहे, की ते मोठ्याने सांगायलाच हवं. ते म्हणजे टीबी. दाटीने राहणाऱ्या, अंधाऱ्या बोळांच्या वस्तीत टीबी कुणाला परका नाही. लोकांना तो छातीचा म्हणून माहीत असतो. पण फुप्फुसातले जंतू रक्तातून ओटीपोटात जातात आणि जननेंद्रियांच्या टीबीत सर्वांत आधी, जवळजवळ प्रत्येक वेळी, नळ्याच सापडतात. मुलगी लहानपणी टीबीची औषधं घेऊन बरी झालेली असते, घरचे ते विसरूनही गेलेले असतात, आणि पंचविशीत मूल राहत नाही तेव्हा त्याचा माग लागतो. म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर लहानपणीचा टीबी, घरातल्या कुणाचा टीबी, हे लपवू नका. लग्न जमवताना लपवलं असेल, पण डॉक्टरांना तरी सांगा.

नळी तपासण्याच्या युक्त्या शंभर वर्षांहून जुन्या आहेत. न्यूयॉर्कच्या इसिडोर रुबिन यांनी १९१९-२०च्या सुमारास गर्भाशयात वायू सोडून त्याच्या दाबावरून नळी उघडी आहे का ते ओळखायची पद्धत आणली. त्याच काळात एक्स-रेत दिसणारं औषध गर्भाशयात सोडून फोटो काढण्याची पद्धत रुळली. तीच आजची एचएसजी, बायकांच्या तोंडी ‘नळीचा एक्स-रे’. पुढे दुर्बीण आली. भूल देऊन पोटात दुर्बीण घालायची, खालून निळा रंग सोडायचा आणि तो झालरीतून बाहेर पडताना डोळ्यांनी पाहायचा. खात्री दुर्बिणीची जास्त, पण ती शस्त्रक्रिया आहे, आणि प्रत्येक बाईला पहिल्याच फेरीत तिथे नेणं योग्य नाही.

सोनोग्राफीने नळी पाहायचे प्रयत्न १९८०च्या दशकात सुरू झाले. युक्ती साधी होती. नळी दिसत नाही ना, मग तिच्यातून काहीतरी वाहू द्या आणि वाहणारं पाहा. जर्मनीत १९८९च्या सुमारास त्यासाठी साखरेच्या कणांचं खास औषध वापरलं गेलं. आणि आपल्या मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, डॉ. गौतम अलाहाबादिया यांनी साधं सलाइन वापरलं. त्यांचा ‘सायनचा अनुभव’ सांगणारा लेख अमेरिकेच्या ‘फर्टिलिटी अँड स्टरिलिटी’ या नियतकालिकात नोव्हेंबर १९९२मध्ये छापून आला. भारतातल्या स्त्रीरोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ही तपासणी ‘सायन टेस्ट’ म्हणून शिकवली जाते. वरळीतून दादर, माटुंगा ओलांडलं की सायन. ज्या दवाखान्यात आपल्या आयाबायांनी केसपेपरच्या रांगा लावल्या, तिथल्या गावाचं नाव वैद्यकाच्या पुस्तकात गेलं, हे आपल्या बायकांना ठाऊक नसावं याचं मला फार वाईट वाटतं. या पुस्तिकेचं दुसरं प्रकरण त्यासाठीच आहे.

आणि त्या पद्धतीत लागतं काय? लघवीसाठी वापरतात ती फोलेज कॅथेटर, सलाइन, सिरिंज आणि सोनोग्राफीचं मशीन. महापालिकेच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात या चारही गोष्टी आधीपासून असतात. कॅथेटर गर्भाशयात जाते, तिच्या टोकाचा छोटा फुगा फुगवतात, म्हणजे पाणी खाली परत येत नाही. मग सावकाश, अगदी सावकाश, सलाइन सोडतात. मूळ पद्धतीत सुमारे २०० मिलिलीटर. हल्ली योनिमार्गातून सोनोग्राफी करताना याहून बरंच कमी पुरतं, आणि पुष्कळ ठिकाणी सलाइनमध्ये हवेचे बारीक बुडबुडे मिसळतात, कारण बुडबुडे पडद्यावर पांढरे चमकतात.

पडद्याकडे तुम्हीही बघा. डॉक्टरांना सांगा, मला दिसेल असा पडदा फिरवा. आधी गर्भाशयाच्या मधली काळी पोकळी थोडी उघडताना दिसते. मग एका खांद्याकडून पांढरी रेघ सरकते, थांबते, पुन्हा सरकते. नळी मोकळी असेल तर तिच्या टोकाशी, बीजकोशाजवळ, पाणी फवाऱ्यासारखं बाहेर पडतं, आणि थोड्या वेळाने गर्भाशयाच्या मागच्या खोलगट जागेत ते साचलेलं दिसतं. तेवढ्या क्षणात बाईला कळतं, की या बाजूची वाट मोकळी आहे. बैठकीतल्या एकीने मला सांगितलं, की पोटात कळ येत होती आणि ती मात्र पडद्यावरून नजर काढत नव्हती.

दुखतं का? हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो आणि त्याचं खरं उत्तर द्यायला हवं. पाळीत दुखतं तसं ओटीपोटात दुखतं, फुगा फुगवताना आणि पाणी सोडताना जास्त. काहींना चक्कर येते, मळमळतं, घाम फुटतो. पाच-दहा मिनिटं पडून राहिलं की बहुतेकींचं उतरतं. आधी वेदनाशामक गोळी घेतली तर सोपं जातं. घरी गेल्यावर ताप आला, पोटातलं दुखणं वाढत गेलं किंवा अंगावरून वास येणारं पाणी जायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तपासणी पाळी थांबल्यावर आणि अंडं सुटण्याआधी करतात, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसांत. रक्त जात असताना, दिवस राहिल्याची शंका असताना किंवा ओटीपोटात चालू संसर्ग असताना ती करायची नसते.

एक्स-रेपेक्षा सोनोग्राफीचा फायदा उघड आहे. किरणांचा मारा नाही, आयोडीनच्या अ‍ॅलर्जीची धास्ती नाही, आणि त्याच बैठकीत गर्भाशयातली गाठ, पॉलिप, बीजकोशाची अवस्था हेही पाहून होतं. अचूकतेचं म्हणाल तर जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१४मध्ये छापलेल्या आढाव्यात असं दिसलं, की बंद असलेल्या १०० नळ्यांपैकी साधारण ९२ या तपासणीत बंद म्हणून ओळखू येतात, आणि उघड्या १००पैकी साधारण ९५ उघड्या म्हणून. एचएसजीच्या तोडीची ही कामगिरी आहे. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनाही म्हणतात, की हात बसलेला डॉक्टर असेल तिथे सोनोग्राफीची ही पद्धत एक्स-रेला चांगला पर्याय आहे. अलीकडे पाण्याऐवजी खास फेस वापरण्याची पद्धत नेदरलँड्समधून आली. तिथे २०२२मध्ये एक्स-रे आणि फेस यांची मोठी तुलना छापली गेली. मूल होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं, दुखणं फेसाच्या बाजूने कमी. मात्र सलाइनपेक्षा फेसाला पैसे जास्त पडतात. सलाइनने काम होत असेल तिथे फेसाचा आग्रह धरायचं कारण मला दिसत नाही.

एक्स-रेच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नेदरलँड्समधल्याच १,११९ बायकांच्या २०१७च्या अभ्यासात तेलातलं औषध वापरून एचएसजी केलेल्यांपैकी ३९.७ टक्क्यांना पुढच्या सहा महिन्यांत दिवस राहिले, पाण्यातलं औषध वापरलेल्यांत २९.१ टक्क्यांना. म्हणजे तपासणीच काही जणींना उपचार ठरली. कुठली पद्धत कुणाला, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. अमुकच चांगली असं ही पुस्तिका सांगत नाही.

आता मर्यादा. हा भाग बायकांनी दोनदा वाचावा, कारण इथेच फसगत होते. पाणी सोडताना नळीच्या तोंडाशी पेटका येऊ शकतो. नळी मोकळी असते आणि रिपोर्टवर ‘ब्लॉक’ येतं. म्हणून एका तपासणीत नळी बंद आली, तर त्यावरून आयुष्याचा निर्णय करू नये. तपासणी पुन्हा करतात, नाहीतर दुर्बिणीने खात्री करून घेतात. नुसतं मागे पाणी साचलं एवढं पाहून दोन्ही नळ्या उघड्या म्हणता येत नाही, एकच उघडी असली तरी पाणी साचतं. म्हणून रिपोर्टवर उजवी आणि डावी वेगवेगळी लिहिलेली असली पाहिजे. आणि वर म्हटलं तसं, उघडी नळी म्हणजे काम करणारी नळी असं नाही. आतले केस टीबीने झडून गेले असतील, तर पाणी जाईल पण गर्भ पुढे सरकणार नाही, आणि कधी नळीतच रुजून बसेल, जे जिवावर बेततं. शेवटचं म्हणजे ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर फार अवलंबून असते. ज्यांना तिची सवय आहे त्यांच्याकडेच करून घ्यावी.

पुरुषांसाठी एक प्रकरण वेगळं लिहिलं आहे आणि ते पुस्तिकेत सर्वांत आधी ठेवलं आहे. ठेवायची जागा आम्ही विचार करून ठरवली. बाईच्या पोटात नळी घालण्याआधी नवऱ्याच्या वीर्याची तपासणी झालेली असावी, कारण तिच्यात दुखत नाही, खर्च थोडा येतो आणि दोष तिथे निघाला तर बाईची अर्धी धावपळ वाचते. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, एवढंच. चाळीतल्या पुरुषांशी बोलताना मला त्यांचा नकार कमी दिसला, संकोच जास्त. सासूने सुनेला घेऊन दवाखान्यात जाणं सोपं वाटतं, मुलाला पाठवणं अवघड जातं. हा क्रम उलटा करायला हवा, आणि तो सासूच उलटा करू शकते.

सोनोग्राफी म्हटलं की आणखी एक भीती येते. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीवर १९८८मध्येच कायदा केला, देशभराचा कायदा १९९४चा. प्रत्येक सेंटरवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक असतो, मशीनची नोंद असते. हे योग्यच आहे. पण काही बायकांना वाटतं, की दिवस गेलेले नसताना सोनोग्राफी करायला गेलो तर पोलिसांचं काही होईल. तसं काही नाही. नळीची तपासणी हा रीतसर वैद्यकीय कारणाचा भाग आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतो.

आणि दोन्ही नळ्या खरंच बंद निघाल्या तर? लगेच रडारड नको. नळीच्या तोंडाशी अडथळा असेल तर काही जणींची नळी बारीक वायरने मोकळी करता येते. नळी पाण्याने फुगलेली असेल तर ती काढून टाकतात किंवा तोंडाशी बंद करतात, कारण ते पाणी गर्भाशयात उतरत राहिलं तर टेस्ट ट्यूबच्या उपचारालाही यश कमी येतं. टीबी निघाला तर आधी त्याची सहा महिन्यांची औषधं पूर्ण करायची, ती सरकारी केंद्रांत फुकट मिळतात. औषधांनी टीबी जातो, पण व्रण पडून बंद झालेली नळी बहुधा उघडत नाही, हेही समजून असावं. आणि टेस्ट ट्यूब बेबीची पद्धत मुळात बंद नळ्यांसाठीच निघाली. जगातलं असं पहिलं मूल, लुईस ब्राऊन, २५ जुलै १९७८ला इंग्लंडमध्ये जन्मलं. तिच्या आईच्या नळ्या बंद होत्या. आपल्याकडे परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि तिथल्या प्रजनन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली ती ६ ऑगस्ट १९८६ला. महापालिकेचं रुग्णालय, वरळीहून बसने थोड्या अंतरावर. आज हा उपचार बहुतांश खासगी दवाखान्यांत आणि लाखांच्या हिशेबात होतो. ही गोष्ट मला पटत नाही, आणि महापालिकेच्या रुग्णालयांत तो पुन्हा गरिबांच्या आवाक्यात यावा, ही मागणी आम्ही करत राहू.

लग्नाला एक वर्ष होऊन, नियमित संबंध असूनही दिवस राहिले नसतील, किंवा बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल आणि सहा महिने झाले असतील, तर गायनॅक ओपीडीत नंबर लावा. दोघांनी जा. जुने सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावून न्या. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, की माझ्या नळ्यांची तपासणी झाली आहे का, कुठल्या पद्धतीने, आणि उजवी कशी, डावी कशी. उत्तर कागदावर मागा. तो कागद दवाखान्याच्या फाइलीत ठेवू नका, त्याची झेरॉक्स तिथे द्या आणि मूळ प्रत स्वतःजवळ ठेवा. पुढच्या डॉक्टरकडे गेलात तर पहिल्यापासून सगळं पुन्हा करावं लागणार नाही.